स्थावर, जंगम

शनिवारी दहा ते एक,
आर्ब्रोथच्या वाचनालयात, बागकामाच्या पुस्तकांना लागून
माझं टेबल. सल्ला फुकट.
मी वकील नाही. वकिलाच्या कचेरीत
चौतीस वर्षं कारकुनी केली, एवढंच.

आज पहिला आला तो बारा वर्षांचा. एकटाच.
मला मृत्युपत्र करता येतं का?
येतं, म्हटलं. आपल्याकडे बाराव्या वर्षी येतं.
सायकल बहिणीला. ड्रम कुणालाच नाही.
खुशीत गेला,
सहलीचं सामान बांधून ठेवल्यासारखा.

मग मिसेस फेअरवेदर.
चौदा वर्षं एक घर, एक गादी, तरी लग्न नाही?
नाही, म्हटलं. पूर्वी अख्खी गल्ली नवरा-बायको म्हणत राहिली
की कायदाही हळूहळू म्हणू लागायचा.
आता तो ऐकीव गोष्टी मानत नाही.
ती हसली. "त्याला नाही सांगायची मी.
तो बिचारा समजतोय, झालंय."

रोना कारगिल आली ती भाड्याच्या घराचं घेऊन.
मालकाला विकायचंय. नोटीस चौऱ्याऐंशी दिवसांची.
कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले दोघींनी.
नोटीस म्हणजे कुलूप नव्हे, मी म्हटलं,
तू निघाली नाहीस तर त्याला न्यायाधिकरणाकडे जावं लागेल,
तोवर किल्ली तुझ्याच खिशात.
तिनं मान हलवली. उठली. कोटाची एक बाही चढवली,
दुसरी हातातच.

"अजून एक. वडील गेले. कागदावर माझं नाव नाही.
सगळं इनेसला."

डॉड कारगिल. मला माहीत होतं.
तीन ओळींचं मृत्युपत्र. टाईप मीच केलं होतं.

घर स्थावर, मी म्हटलं. घर गेलं, भिंतींसकट गेलं.
पण जे हलतं, हलवता येतं, ते जंगम,
आणि जंगमातून पोटच्या पोराला कापून काढणं
बापाच्याही हातात नाही इथं.
आई नाही, म्हणून अर्धं मुलांचं. मुलं दोन.
तुझा चौथा हिस्सा.
"कशातला?"
बँकेतलं जे असेल ते. घड्याळ. शेवंडीचे पिंजरे.
होडी.
"होडी," ती म्हणाली.
खाली बसली, एका बाहीच्या कोटातच.

हे मी तिला सांगितलं नाही:
की त्या दिवशी साहेब म्हणाले होते, डॉड,
होडी विकून टाक, पैसा घरात घाल,
माडीवर एक खोली चढव.
दगडात घातलेल्या पैशाला पोरगी हात लावू शकत नाही.
डॉड खिडकीतून बंदराकडे बघत बसला.
ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या.
बराच वेळ. मग म्हणाला, होडी विकायची नाही.
का, ते साहेबांनी विचारलं नाही.
मी फाईलमध्ये लिहिलं: होडी विकणार नाही.
तारीख घातली.

आळस असेल. सवय असेल. पहाटे चारला
दुसरीकडे कुठं जाणार होता तो?
अशील मेला म्हणून त्याचं गुपित मरत नाही,
आणि मी शपथेवर राहिलेली बाई.
म्हणून मी फक्त आकडे सांगितले.
चौथा हिस्सा कागदावर लिहून दिला,
खाली दोन रेघा मारल्या,
कचेरीत मारायचे तशा.

ती घडी घालत म्हणाली, "मला ती वल्हवता येते, ठाऊक आहे?
नवव्या वर्षी त्यानंच शिकवलं.
शिव्या घालत."
मग विचारलं,
चौथा हिस्सा म्हणजे पैसेच घ्यायचे का,
की आठवड्यातून एखादा दिवस
होडीच मागता येते?

कायद्यानं हिस्सा पैशातच, म्हटलं.
पण भावाला विचारायला कायदा लागत नाही.
ती दाराकडे बघत राहिली.
एक वाजत आला होता. ग्रंथपाल दिवे मालवू लागली,
आधी लहान मुलांच्या कोपऱ्यातले.